पाणी बंद

पाठीवर दोन बोटं वाजवून तो छातीतलं पाणी कुठपर्यंत चढलं आहे ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. माझी त्याच्याबद्दलची पहिली तक्रार हीच. डाव्या हाताचं मधलं बोट रोग्याच्या पाठीवर टेकवायचं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचं, हे आम्हा सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. आत हवा असेल तर आवाज पोकळ येतो, पाणी असेल तर भरीव. मीही ठोकायचो. मला कधी ऐकू यायचं, कधी ऐकू आल्यासारखं वाटायचं. त्याला नेमकं ऐकू यायचं. खिशातलं पेन काढून तो पाठीवर शाईची रेघ ओढायचा आणि म्हणायचा, "इथवर मटका भरून हाय. इथून वरतं रिकामा." दुपारी एक्स-रे आला की मी तो उजेडापुढे धरून गुपचूप बरगड्या मोजायचो. एकदा तरी चुकावा, एवढीच इच्छा. आठ महिन्यांत तो एकदा चुकला, तोही एका बरगडीने, आणि ते मी निदान दहा जणांना सांगितलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यातली. छातीच्या वॉर्डात आम्ही दोघं हाउसमन, म्हणजे नुकते पास झालेले निवासी डॉक्टर होतो. मी धरमपेठेतला. वडील डॉक्टर, घरात पुस्तकांची कपाटं, परीक्षेत नंबर पहिल्या तिघांत. तो उमरेडचा, विणकराच्या घरातला, शाळेतून आल्यावर मागाजवळ बसून कांड्या भरता भरता शिकलेला. परीक्षेत कुठेतरी मधे असायचा. वर्ष संपलं की वॉर्डात रजिस्ट्रारची एकच जागा निघणार होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघंच होतो. ती मिळाली तर पुढचं शिक्षण, मग लेक्चररकी, मग जन्मभर नागपूर. नाही मिळाली तर सरकार उचलून कुठल्यातरी तालुक्याच्या पलीकडे टाकणार. जागा आपलीच आहे असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. माझ्या आईने तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. आणि मधे हा नळीवाला उपटला.

नळीवाला हे नाव रोग्यांनी ठेवलेलं. त्या काळी छातीतलं पाणी काढायचं म्हणजे रोग्याला उशीवर पुढे वाकवून बसवायचं, जाड सुई दोन बरगड्यांच्या मधून आत घालायची आणि मोठ्या सिरिंजने ओढून ओढून पाणी काढायचं. तेवढा वेळ रोग्याने हलायचं नाही. पाणी भराभर निघालं की दबलेलं फुफ्फुस एकदम फुलतं, मग खोकल्याची उबळ येते, छातीत कळ येते, कुणाला घेरी येते. दोन दिवसांनी पुन्हा भरलं की पुन्हा सुई. फारच झालं तर सर्जन लोक येऊन बोटाएवढी रबरी नळी घालून जायचे. ती नुसती पाहूनच निम्मे रोगी घरी जायची भाषा करायचे. मी सुईत पटाईत होतो. वीस मिनिटांत लिटरभर काढायचो आणि हात धुताना सिस्टर पाहतेय ना, याची खात्री करून घ्यायचो.

त्याने काय केलं, तर शिरेतून सलाईन द्यायला जी लांब, शेवईएवढी बारीक प्लॅस्टिकची नळी येते, ती सुईतून छातीत सरकवली, सुई काढून घेतली आणि नळी तिथेच राहू दिली. तिला सलाईनचा सेट जोडला, सेटचं टोक पलंगाखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं आणि चाक जरासं सैल केलं. थेंब थेंब पाणी यायला लागलं. रोगी कुशीवर झोपला, जेवला, शेजारच्याशी गप्पा मारत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दीड लिटर बाहेर, खोकला नाही की घेरी नाही. मी म्हटलं, "एवढा वेळ? मी वीस मिनिटांत मोकळा केला असता."

"घाई कोनाले हाय गा?" तो म्हणाला. "पानी काय बस पकडाले चाललं?"

ही युक्ती त्याला कुठून सुचली, मला माहीत नाही. पुढे वाचनात आलं की इतर ठिकाणीही लोक असं काही करून पाहत होते. पण आमच्या वॉर्डात त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं. ती मला का सुचली नाही, या विचाराने मला रात्ररात्र झोप येत नसे. आत पू असला किंवा पाणी घट्ट असलं तर त्याची बारीक नळी तुंबायची. मग तो मुकाट्याने सर्जनला चिठ्ठी लिहायचा. अशा केसेस मला तोंडपाठ होत्या. आमचे सर जुन्या वळणाचे. त्यांनाही हा प्रकार पुरता पटलेला नव्हता. "चालू द्या," ते म्हणायचे, "पण एक जरी केस या नळीने बिघडली, तर हा खेळ बंद. आणि मग रजिस्ट्रार कोण, हे मला दोनदा विचारू नका." सरांचं हे बोलणं मी नीट गाठीशी बांधून ठेवलं.

रोगी मात्र त्याच्यावर फिदा. सीताबर्डीच्या कापडाच्या दुकानातले एक मुनीम आमच्याकडे होते. उजवी बाजू पाण्याने गच्च भरलेली, दोन शब्द बोलले की तिसऱ्याला थांबावं लागायचं. मी सुई-सिरिंज घेऊन गेलो तर त्यांनी हात जोडले. "तुमी राहू द्या जी. नळीवाले डॉक्टर येऊन राह्यले नं?"

"ते ओपीडीत आहेत. दोन तास लागतील."

"मंग दोन तास... दम काढतो जी."

ज्याच्यात दोन मिनिटांचा दम उरला नव्हता, तो माणूस माझ्या हातून सुटायला दोन तास दम काढायला तयार होता! मी ट्रे परत ठेवला आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

फाटकाबाहेरचा पोहेवाला त्याच्या पोह्यांवर तिखट रश्शाची तर्री दोनदा ओतायचा, माझ्या पोह्यांवर एकदा. हे मी कित्येक महिने पाहिलं. शेवटी न राहवून विचारलं. तो म्हणाला, "त्याईनं माह्या बापाच्या छातीतलं पानी काढलं नं जी." मी म्हटलं, "तुझ्या बापाला भरती कुणी करून घेतलं? मी." "हाव जी," तो म्हणाला, आणि तर्री काही वाढवली नाही. तर्रीचा हेवा करणारा शिकलेला माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही. पण खरं ते सांगितलं पाहिजे, माझं लक्ष त्याच्या प्लेटवरच असायचं.

बारीक नळीचं मोठं दुखणं म्हणजे ती निसटते. रोग्याने कूस बदलली, खोकला, की सुळकन बाहेर. घट्ट बांधावी तर चेपते आणि पाणी अडतं. हा मागावरच्या सवयीने दोऱ्याची कसलीशी गाठ मारायचा. ती ओढली तर आवळायची, पण नळीला चेपायची नाही. त्याची नळी चार-चार दिवस जागची हलत नसे. एका रविवारी तो नाही असं पाहून मी एका रोग्याला गुपचूप त्याच्यासारखी नळी घातली, त्याच्यासारखीच गाठ मारली आणि खोलीवर जाऊन झोपलो. दोन तासांनी बोलावणं आलं. नळी बाहेर, गादी ओलीचिंब, आणि रोग्याची बायको त्याच्यावर डाफरत होती. तिला वाटलं, नवऱ्याने गादी ओली केली. सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होती. नशिबाने रोग्याला काही झालं नाही. संध्याकाळी नळीवाल्याने नवी नळी घातली आणि मला म्हणाला, "ये, गाठ दाखवतो. दोन मिनिटाचं काम हाय."

"मला येते," मी म्हटलं.

"येत असंन," तो म्हणाला, अगदी सरळ मनाने. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

नवा रोगी आला की त्याचा पहिला प्रश्न ताप किती, खोकला किती असा नसायचा. तो विचारायचा, "पानी पेता का नाई?" आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी छातीत पाणी झालं असं कळल्या दिवसापासून पाणी पिणं सोडलेलं असायचं. आधीच पाणी भरलंय, त्यात वरून आणखी कशाला, हा त्यांचा हिशोब. कुणी दिवसाला अर्धा पेला, कुणी नुसता चहा. हा पलंगाच्या काठावर बसून त्यांना विहीर समजावून सांगायचा. "तुमच्या वावरात विहीर हाय का? मंग तिच्यात वरून घागर ओतली म्हनून ती भरते का? झऱ्यानं भरते. हे नळीनं आमी नुसतं उपसून राह्यलो. झरा आटवाले दीड वर्स सुया-गोळ्या. अन् तुमी पानी नाई पेले तं विहीर तशीच राहीन, वरचा मानूसच सुकून जाईन." एकेका रोग्यापाशी पंधरा मिनिटं. मी तेवढ्या वेळात पाच रोगी पाहायचो आणि सरांच्या ते लक्षात येईल अशी व्यवस्था करायचो.

मे महिना आला. जागेचा निकाल पंधरा दिवसांवर. अकरा नंबरच्या पलंगावर कळमेश्वरकडचा एक म्हातारा होता. टीबीचं पाणी, अंगावर मांस नाही, सोबत त्याची म्हातारी. शनिवारी नळीवाल्याने त्याला नळी घातली आणि रविवारी पहाटे तो बहिणीच्या लग्नाला उमरेडला गेला. जाताना मला म्हणाला, "अकरा नंबरकडं पाह्यजो गा. थेंब थांबले की नळी काढून टाकजो."

रविवारी दुपारी थेंब थांबले. नळी मी काढली नाही. ज्याची त्याने येऊन काढावी, मी काय त्याचा नोकर आहे, असं माझ्या मनात आलं. म्हातारीने विचारलं, "काय झालं जी, डॉक्टरसाहेब?" मी पुढच्या पलंगाकडे जाता जाता म्हटलं, "पाणी बंद. आता पाणी बंद, आजी." बाटलीत पडणारं पाणी बंद झालं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण वॉर्डात 'पाणी बंद'चा अर्थ वेगळा होतो. ऑपरेशनला न्यायच्या आधी सिस्टर येऊन रोग्याच्या माणसांना हेच दोन शब्द सांगून जाते. म्हातारीने ते आठ दिवस शेजारच्या पलंगांवर ऐकलेले. शिवाय छातीत पाणी भरलेल्या माणसाचं पाणी बंद, हे तिच्या मनालाही पटण्यासारखंच होतं. तिने पलंगाखालची सुरई उचलून शेजारच्या लोकांना देऊन टाकली. गोळ्यांपुरता घोट-घोट चहा दिला, बाकी काही नाही. नागपूरचा मे महिना, आणि वॉर्डात पंखे तीन, त्यांतला एक बंद.

सोमवारी संध्याकाळी मी म्हाताऱ्याकडे पाहिलं तर त्याचे डोळे खोल गेलेले, नाडी पळतेय, प्रेशर उतरलेलं, आणि तो कुणाशीतरी बैलांबद्दल बडबडतोय. मला काय वाटलं ते इथे लिहायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. शेवटी ती नळी बाधली, असं मला वाटलं. एका झटक्यात जास्त पाणी गेलं असेल, नाहीतर नळीवाटे आत जंतू गेले असतील. केसपेपरवर मी लिहिलं, 'नळीमुळे बिघाड', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. जंतूंसाठी इंजेक्शन सुरू केलं. सलाईन लावायचंही मनात आलं होतं. पण छातीत आधीच पाणी आहे, वरून आणखी कशाला, असं वाटून राहू दिलं. खेड्यातल्या लोकांची ज्यावरून आम्ही टिंगल करायचो, तीच चूक मी, धरमपेठेतल्या डॉक्टरच्या मुलाने, सगळी पुस्तकं वाचून केली. आणि म्हातारी पाय दुमडून पलंगाशेजारी बसली होती, तिला मी एक शब्द विचारला नाही.

मंगळवारी सकाळी सरांचा राउंड. आम्ही अकरा नंबरवर पोचलो तेवढ्यात नळीवाला आला, एस्टीतून उतरून थेट. खांद्याला पिशवी, कपाळावर लग्नातलं कुंकू. मी केसपेपर वाचून दाखवत होतो. सर म्हणाले, "म्हणजे शेवटी नळीने घात केला." मी मान खाली घातली, दुःख झाल्यासारखी.

त्याने पिशवी खाली ठेवली. म्हाताऱ्याचा खालचा ओठ ओढून जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. सुरई शोधत असावा. तो म्हातारीजवळ उकिडवा बसला. "माय, बाबाजी काल पानी किती पेले?"

"पानी?" म्हातारी म्हणाली. "पानी तं बंद हाय नं बापा."

"कोनं सांगतलं?"

"डॉक्टरसाहेबानंच सांगतलं. पानी बंद म्हने." आणि तिने पदर सारखा करत माझ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं होतं.

तिची नजर कुठे गेली ते त्याने पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी केसपेपरवर काहीतरी वाचत होतो.

"सर," तो उठून म्हणाला, "चूक माझी आहे. जाताना मीच काहीतरी बोललो असेन, त्यांनी ते पाणी पाजायचं बंद असं घेतलं. नळीचा दोष नाही, हा माणूस तहानेने पडलाय." आणि सर काही बोलायच्या आत, "सिस्टर, सलाईन आणा. माय, गिलास आन वं. हळूहळू पाज, एका दमात नोको पाजू."

सर त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "रोग्याच्या माणसांशी बोलायची अक्कल नसेल, तर त्या हातांची सफाई काय चाटायची आहे?" हे त्याला! जो एकेका पलंगावर पंधरा-पंधरा मिनिटं बसून बोलायचा, त्याला. सरांनी माझ्याकडेही पाहिलं. मला बोलायचं असतं तर सरळ वाट मोकळी होती. दोन शब्द पुरे होते, 'मी म्हटलं'. मी केसपेपरचं पान उलटलं.

संध्याकाळपर्यंत म्हातारा शुद्धीवर येऊन भाताची पेज मागायला लागला. आठवड्याने दीड वर्षाच्या सुया-गोळ्यांचा कागद घेऊन तो आणि म्हातारी घरी गेले. पुढच्या आठवड्यात यादी लागली. रजिस्ट्रार म्हणून माझं नाव होतं. आईने मोहल्लाभर पेढे वाटले.

दोन-तीन दिवसांनी पोह्यांच्या गाडीवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "का सांगितलंस तसं?"

"मंग काय सांगू?" तो म्हणाला. "कोनं म्हनलं, कवा म्हनलं, याचा पंचनामा करत बसलो असतो अन् बुढा तिकडं सुकून गेला असता. पह्यले पानी पाजाचं होतं."

"नंतर सांगता आलं असतं सरांना."

"हाव," तो म्हणाला. "नंतर तू सांगशीन, असं वाटलं मले."

त्याच्या आवाजात राग असता, तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी हरलेलो नाही. तो पोहे खात होता, आणि त्याने बशी पुढे केली तशी पोहेवाल्याने तर्री आणखी एकदा ओतली. आतापर्यंत मला त्याच्या बोटांचा, त्याच्या गाठीचा, त्याच्या रोग्यांचा हेवा वाटत होता. त्या दिवसापासून त्याच्या चांगुलपणाचाही वाटू लागला, आणि हा हेवा सगळ्यांत वाईट. बोटांची बरोबरी मी सराव करून केली असती. याला काय करणार? ज्या जागेसाठी मी वर्षभर जळलो, ती मला मिळाली होती आणि मी अजूनही जळतच होतो.

त्याची बदली उमरेडच्याही पलीकडे, एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यात झाली. निरोपाचा चहा वॉर्डातच झाला. सिस्टरांनी हार आणला, वॉर्डबॉय रडला, आणि रजिस्ट्रार म्हणून भाषण मी केलं. चांगलं झालं. मला भाषणं चांगली येतात. तो लाजून पायांकडे बघत होता, आणि शेवटी मला म्हणाला, "लय मोठं केलं गा तू मले आज."

वर्षं गेली. मी लेक्चरर झालो, मग त्याहून वरची खुर्ची मिळाली. बारीक नळ्या आता पाकिटात बंद होऊन यायला लागल्या, खास छातीसाठी केलेल्या, सोबत चिकटपट्ट्या. सर रिटायर झाले आणि जाताना म्हणाले की ही नळी म्हणजे आपल्या युनिटचा मान आहे. मी विद्यार्थ्यांना नळी कशी सरकवायची ते शिकवायचो. नवीन पोरांना वाटायचं ती मीच आणली. मी तसं कधी म्हटलं नाही, पण कुणी म्हटलं तर खोडूनही काढलं नाही. गप्प बसणं एकदा जमलं की जमतच जातं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे नळीवाल्याच्या भागात टीबीचं एक शिबिर होतं. मी मुद्दाम नाव दिलं. मनाशी ठरवलं होतं, या वेळी बोलून टाकायचं. शिबिर संपल्यावर त्याच्या दवाखान्यात गेलो. बाहेर ओट्यावर माणसं बसलेली, आत तो एका बाईच्या पाठीवर बोटं वाजवत होता. केस अकाली पांढरे झालेले, अंगाने वाळलेला. मला पाहून हसला. "अरे, कवा आला गा? बस. एवढं पाहून घेतो." मी पाऊण तास बसलो. तेवढ्यात त्याने त्या बाईला पाणी पिते का ते विचारलं, विहीर सांगितली, नळी घातली, गाठ मारली. दोरा कुठून कुठे गेला हे मी टक लावून पाहिलं, आणि या वयातही मला ते जमलं नाही.

मग चहा आला. मी म्हटलं, "एक सांगायचं आहे. बरीच वर्षं झाली. त्या अकरा नंबरच्या म्हाताऱ्याचं... ते 'पाणी बंद' मी म्हटलं होतं."

"माहीत हाय नं," तो म्हणाला. "मी होतो नं तिथं."

"मी गप्प बसलो. जागा तुझी होती. तुझी जागा खाऊन मी एवढा मोठा झालो. बारा-तेरा वर्षं मला हे डाचतंय." हे सगळं मी एस्टीत मनातल्या मनात तीनदा बोलून आलो होतो. तो रागावेल, नाहीतर माफ करेल, दोन्हींची मी तयारी केली होती.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदा तो माझ्याकडे नीट वळून बसला.

"त्या बुढ्याचं काय झालं गा मंग?" त्याने विचारलं. "मी तं निंगून आलो. दीड वर्स सुया घेतल्या का त्यानं? वाचला का?"

मला माहीत नव्हतं. ती सकाळ मला शब्दन् शब्द पाठ होती. सर कुठे उभे होते, म्हातारीने पदर कसा सारखा केला, मी कुठलं पान वाचत असल्याचं सोंग केलं, सगळं. म्हातारा दर महिन्याला माझ्याच ओपीडीत यायला हवा होता. आला का, किती महिने आला, यायचा कधी थांबला, मी कधी पाहिलं नव्हतं. तेरा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

तो वाट बघत होता.

"वाचला," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बेस झालं," तो म्हणाला. "बेस झालं गा. मले लय दिवस वाटत होतं, विचारावं कोनाले तरी."

"चांगला खणखणीत आहे," मी म्हटलं. "शेतावरसुद्धा जातो."

त्याने आतल्या बाजूला हाक मारून आणखी एक-एक कप चहा सांगितला. आम्ही तो प्यायलो. मी शेवटच्या एस्टीने नागपूरला परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, अचानक, हृदयविकाराने. ओपीडीची जुनी रजिस्टरं मी त्यानंतर काढायला लावली. त्या वर्षाची सापडली नाहीत.